अक्काचा हात आणि माझं मॉडेल

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी बांधलेली आहे. आणि नशिबानं काम मिळालं ते दिवसभर खुर्चीत बसून पडद्याकडे बघायचं! नांदेडच्या विद्यापीठात आमची एक खोली आहे. तिथं मोजके कम्प्युटर, घरघर करणारा कुलर आणि लाईट गेली की ओरडायला लागणारा इन्व्हर्टर. त्या खोलीत बसून मी नॅनो पदार्थांचा माणसाच्या तब्येतीला किती धोका आहे, याचा अंदाज कम्प्युटरकडून काढते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी मान हलवतो आणि मग विचारतो, म्हणजे नेमकं काय?

म्हणजे असं. नॅनो म्हणजे इतके बारीक कण की एका केसाच्या जाडीत हजारो मावतील. ओळखीचाच पदार्थ, पण इतका बारीक केला की त्याचा स्वभाव बदलतो. जस्ताचा, चांदीचा, तांब्याचा, सगळ्यांचा. असे कण आता रंगात, मलमात, खतात, कुठंकुठं येऊन राहिलेत. प्रत्येक नव्या पावडरीसाठी उंदरांवर प्रयोग करत बसलो तर जन्म पुरणार नाही. म्हणून आजवर झालेल्या प्रयोगांची माहिती कम्प्युटरला द्यायची. कण केवढा, पाण्यात विरघळतो का, किती दिला, फुप्फुसाच्या किती पेशी मेल्या. तो त्यातून आपलं आपण शिकतो आणि नवीन कण दाखवला की सांगतो, धोका कमी, मध्यम, की जास्त. याला आम्ही मॉडेल म्हणतो. माझ्या आईला मात्र शेवटपर्यंत वाटायचं की पोरगी साड्यांच्या जाहिरातीत काहीतरी करते आणि घरी सांगत नाही.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका गावात दिलेली. घर शेतकऱ्याचं, आणि दाजींचं मुरुडला खत-बियाण्याचं दुकान. दाजी म्हणजे कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, मोठा आवाज, आणि गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही ही शपथ. माणूस वाईट नाही. पण त्यांना कुठलीही गोष्ट अर्धीच ऐकायची सवय आहे, आणि त्यांच्या सोयीची ती नेमकी पहिली अर्धी असते.

गेल्या वर्षी त्यांच्या दुकानात एक पावडर आली. सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी चोळायची, नॅनो जस्ताची. दाजींनी मला फोन केला. पीएच.डी. झाल्यापासून मी त्यांची डॉक्टरीणबाई.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या त्या कम्प्युटरला विचारा की जरा. गिऱ्हाईक विचारायलेत, ह्यानं माणसाला काही होतंय का म्हणून."

मी म्हटलं, पुडक्यावरची सगळी माहिती पाठवा. त्यांनी पाठवली. मी मॉडेल चालवलं. एक शेतकरी, स्वतःच्या शेतापुरतं बियाणं, उघड्यावर, तोंडाला फडकं, काम वर्षातून एकदा. उत्तर आलं, कमी. मी दाजींना फोनवर तीन-तीनदा बजावलं, हे कमी म्हणजे या सगळ्या अटी पाळल्या तर कमी. उघड्यावर करायचं. तोंड बांधायचं. ज्याचं त्यानं करायचं.

"म्हणजे एका शब्दात सांगा ना. हाय का धोका?"

"दाजी, एका शब्दात नसतं हे."

"पण कमी म्हणालात ना?"

"कमी म्हणाले, पण..."

"बास की मग!"

फोन बंद. आणि तिकडं दुकानात सांगणं सुरू, माझी मेहुणी नांदेडला मोठी डॉक्टर आहे, तिनं कम्प्युटरवर तपासली आहे, बिनघोर न्या! हे मला फार नंतर कळलं. कळलं तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला.

या वर्षी पेरणी तोंडावर आली होती. मी एक दिवस दुपारी सहज अक्काला फोन लावला. तिचा आवाज बसलेला.

"काय गं, आजारी आहेस?"

"न्हाई गं. कामाचा लोड लई झालाय. सांजच्याला जरा थंडी वाजून ताप येतोय, छातीत भरल्यावानी होतंय. सकाळी उठलं की काही न्हाई, पुन्हा ठणठणीत. नजर लागलीय म्हणतेत सासूबाई. रोज दृष्ट काढायल्यात."

मी खुर्चीत सरळ झाले. "रोज येतो? कधीपासून?"

"बियाणं सुरू झाल्यापासून. गेल्या साली बी असंच झालं होतं. लोकं यायलेत ना सारखे, कुणाची नजर कशी असती काय माहीत."

"बियाणं सुरू झाल्यापासून म्हणजे? तू काय करतेस बियाण्याचं?"

"मीच तर चोळतेय सगळ्यांचं."

इथं मला अक्काच्या हाताचं सांगायला पाहिजे. अक्काला मूलबाळ नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्या घरात आणि त्या गावात तिनं जे सोसलं, ते ती कधी धड बोलली नाही. कुणाचं डोहाळजेवण असलं की हिला स्वयंपाकघरात काम निघायचं. पेरणीच्या पहिल्या दिवशी बियाण्याची पूजा व्हायची तेव्हा सासूबाई हिला म्हणायच्या, तू जरा जनावरांकडं बघ. मग एक वर्ष असं आलं की भागात सगळ्यांचं विकतचं बियाणं उगवलंच नाही. लोकांना दुबार पेरणी करावी लागली. आणि अक्कानं घरचं सोयाबीन निवडून, पुसून, स्वतः नुसत्या हातानं चोळून ठेवलं होतं ते मात्र दाट उगवलं. सासूबाई शेताच्या बांधावर उभं राहून म्हणाल्या, हिच्या हाताला गुण हाय. बस्स. पुढच्या वर्षी शेजारची बाई तिचं बियाणं घेऊन आली. त्याच्या पुढच्या वर्षी गल्ली आली. आता आजूबाजूच्या वाड्यांवरनं लोक येतात, पोतं उतरवतात, अक्काला हळद-कुंकू लावतात आणि म्हणतात, तुमचा हात लागू द्या.

मला त्या गोष्टीचं नेहमी कौतुकच वाटत आलं होतं. खोटं कशाला बोलू? उशिरा का होईना, बाईला मान मिळाला. पण बियाण्याला हात लावणं म्हणजे पावडर चोळणं, आणि सगळ्या गावाची पावडर एकटी अक्का चोळते, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मी समजत होते, नुसता हात लावते, नाव घेते, झालं.

"कुठं चोळतेस?" मी विचारलं.

"मधल्या खोलीत. ताडपत्री टाकून."

"दारं उघडी असतात ना?"

"उघडी कशी ठिवायची? पावडर महागाची हाय. वारं आलं की भुर्रकन उडून जातीय. दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून करतेय. लोकाचा माल हाय बाई, वाया गेला तर बोल लागतोय."

मी फोन ठेवला आणि उठले. व्हरांड्यात जाऊन आले. पाणी प्यायले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, मॅडम, काय करून राहिल्या, बसा की. मी त्याच्यावर खेकसले. नंतर सॉरी म्हणायचं पण राहून गेलं.

जस्ताची बारीक धूळ छातीत गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. धातू वितळवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना हे जुनं ठाऊक आहे. आमच्या अक्काला तोच ताप येत होता आणि तिची सासू मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकत होती. म्हणजे दिवसा पावडर आणि संध्याकाळी मिरचीचा ठसका! चिडावं की रडावं, मला कळेना.

मी मॉडेल पुन्हा चालवलं. या वेळी खरं खरं सांगितलं. बंद खोली. वारं नाही. कोरडी पावडर. श्वासावाटे. एक बाई, सगळ्या गावाचं काम, पेरणी संपेपर्यंत रोज. मॉडेलनं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. जास्त. मी खोली मोठी करून बघितली, पावडर कमी करून बघितली, मुद्दाम सगळं सौम्य धरून बघितलं. जास्तच. आणि सोबत एक सूचनाही येत होती, की अशा परिस्थितीची माहिती माझ्याकडे पुरेशी नाही, तेव्हा हा अंदाज जपून वापरा. जपून वापरा म्हणे! अरे बाबा, माझी बहीण आहे ती.

दाजींना फोन केला तर ते दुकानात गर्दीत. "तुम्हीच तर कमी म्हणाला होतात," एवढंच बोलून ठेवला. मग मी रजा टाकली आणि सकाळची लातूरची एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी खिडकीतून बाहेर बघत तेच वाक्य घोळवत होते. कसं सांगायचं? पहिलं काय बोलायचं? मी काय सांगायला चाललेय ते मला नीट समजत होतं. ज्या एका गोष्टीमुळे बाई त्या घरात ताठ मानेनं उभी राहिली, तीच सोड म्हणायला चालले होते. चाकूरला चहा घेतला तोही अर्धा टाकला. लातूरला उतरून मुरुडची गाडी मिळेपर्यंत स्टँडवर नुसत्या येरझाऱ्या.

घरी पोचले तर ओसरीत बायका-माणसं बसलेली, पोती भिंतीला लावलेली. सासूबाई चहा देत होत्या. मधल्या खोलीचं दार बंद. दाराखालच्या फटीतनं पांढरी भुकटी बाहेर आलेली, पिठाच्या गिरणीच्या उंबऱ्यावर असते तशी. मी कुणाला नमस्कारसुद्धा केला नाही. दार ढकललं.

अक्का ताडपत्रीवर बसून दोन्ही हातांनी बियाणं वरखाली करत होती. डोक्यावर पदर, पदर पांढरा, पापण्या पांढऱ्या. तोंड उघडं. मला बघून हसली. "आलीस? कळवायचं की गं!"

मी आधी खिडक्या उघडल्या. वारं आत शिरलं आणि भुकटी उठली.

"अगं अगं! लोकाचा माल हाय!"

"मरू दे लोकाचा माल! उठ तू. उठ आधी!"

मी ओरडले. सासूबाई दारात आल्या. दाजी पण आले, जेवायला घरी आले होते. मी त्यांच्यासमोर सगळं बोलले, थांबतच नव्हते. ताप नजरेचा नाही, जस्ताचा आहे. अजून दोन-चार वर्षं हे चाललं तर छातीचं काय होईल सांगता येत नाही. हे काम बंद. आजपासून बंद. हिनं बियाण्याला हात लावायचा नाही.

अक्का उठून उभी राहिली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही तिनं.

"हात लावू नको म्हणायला तू नांदेडहून आलीस व्हय? ते सांगायला हितं होतेच की लोकं. इतकी वर्षं तेच सांगत होते."

मला एकदम कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. सासूबाईंनी मान खाली घातली. ओसरीतल्या एका बाईनं आपल्या पोत्याचं तोंड उगीच आवळून बांधलं. दाजी नुसते खाकरले.

मी तिथंच ताडपत्रीच्या कडेला खाली बसले. रडू आलं, आणि रडले. "अक्का," मी म्हटलं, "तुझा हात वाईट म्हणत नाही गं मी. पावडर वाईट आहे. सगळ्या गावाची पावडर तुझ्या एकटीच्या छातीत जाते. कम्प्युटरनं धरलं होतं, एक माणूस एक शेत. त्याला कुठं माहीत होतं, की इथं हात एकच आहे."

मग सासूबाई बोलल्या. माझ्याशी नाही, अक्काशी. "सूनबाई, हात कोऱ्या बियाण्याला लाव. पावडर ज्याची त्यानं शेतात नेऊन लावावी. गुण हाताचा हाय, पावडरीचा न्हाई."

मी त्या म्हातारीकडे बघतच राहिले. तिनं ते विज्ञानासाठी म्हटलं नव्हतं. सुनेचा मान राहावा म्हणून म्हटलं होतं. मला तेवढं पुरे होतं.

तसंच ठरलं. ओसरीतले लोक आधी कुरकुरले. एक म्हणाला, आम्हाला नीट चोळता येत न्हाई. दाजींनी त्याला झापलं, "मग शिका की! माझी बायको काय मशीन हाय का?" मी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, पावडर विकायचीच असेल तर ओली करून, उघड्यावर, तोंड बांधून लावायची, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं, आणि माझं नाव घेतलंत तर माझं सगळं वाक्य सांगायचं, अर्धं नाही. त्यांनी कान पकडले. खरंच दोन्ही कान पकडले, भर ओसरीत. आणि मग लगेच म्हणाले, "पण एका शब्दात सांगायचं तर?" मी हात उगारला तसे हसत पळाले.

अक्कानं त्या दुपारी अंगणात बसून प्रत्येक पोत्यात हात घातला. कोरं सोयाबीन मुठीत घेतलं, कपाळाला लावलं, परत सोडलं. बायकांनी तिला कुंकू लावलं. सगळं झटक्यात उरकलं. मला वाटलं, सुटले. आता मी नांदेडला जाऊन झोपू शकते.

निघताना ती मला मुरुडच्या स्टँडवर सोडायला आली. दाजी दुकानात उतरले, आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. ती अधूनमधून खोकत होती. मी पिशवीचा बंद सोडत होते, बांधत होते. आता सगळं ठीक झालं ना, मग माझा जीव थाऱ्यावर का नव्हता, मला कळत नव्हतं. जे मला खुपत होतं ते अक्कानंच विचारलं.

"एक विचारू का? हितनं पुढं न्हाई करणार मी, ते झालं. पण गेल्या साली अख्खी पेरणी मी आत कोंडून केली. ह्या साली बी निम्मी झालीच की. जे आत जाऊन बसलंय, त्याचं काय म्हणतंय तुझं मॉडेल?"

मी म्हटलं, "ते एका माणसाचं सांगत नाही अक्का. आधी ज्यांना ज्यांना झालं त्यांची माहिती घेतं, आणि त्यांच्यासारख्यांचं काय होईल ते सांगतं."

"मंग माझ्यासारख्या किती जणी हायत त्यात?"

मी आठवत बसले. आठवायची गरज नव्हती, ती सगळी माहिती मीच गोळा केली होती. त्यात उंदीर होते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी होत्या. लांबच्या देशांतल्या कारखान्यांतले थोडे कामगार होते, सगळे पुरुष. दार लावून, पंखा बंद करून, गावाचं बियाणं चोळणारी बाई त्यात नव्हती.

"एकही नाही," मी म्हटलं.

स्टँडवर भजी तळल्याचा वास येत होता, पोरं ओरडत होती. अक्कानं पदर सारखा केला.

"म्हणजे तिथं बी मी न्हाईच म्हण की."

मी मान हलवली.

"मंग घाल मला," ती म्हणाली. "नळीत फुंकायला लावा, रक्त काढा, फोटो काढा छातीचा, काय लागतंय ते करा. काय निघंल ते निघंल. माझं मला कळंल, आणि माझ्यामागनं कुणी विचारलं तर त्याला एक तरी सापडंल."

तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. माझ्याच होतं. मला तिला सांगायचं होतं, काही निघणार नाही, तू ठणठणीत आहेस. पण मला ते माहीत नव्हतं, आणि खोटा दिलासा तिला दाजींकडून, सासूकडून, देवाकडून भरपूर मिळाला होता. माझ्याकडून तो नको होता तिला.

गाडी लागली. लोक दाराकडे धावले. मी अक्काला पुढे घातलं, तिच्या मागनं चढले, आणि ती 'अगं, घरी सांगितलं न्हाई, अंगावर धड लुगडं न्हाई' म्हणत असताना कंडक्टरपुढे पैसे धरले.

"लातूर," मी म्हटलं. "दोन द्या."